आजचा विषय: तीस दिवस, तीस कविता

अमेरिकेत १९९६पासून एप्रिल हा राष्ट्रीय काव्यमास म्हणून साजरा होतो. ॲकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्सनं त्याची सुरुवात केली. पुढं २००३मध्ये मॉरीन थॉर्सन या कवयित्रीनं त्या महिन्यात रोज एक कविता लिहायचं ठरवलं आणि ‘तीस दिवसांत तीस कविता’ ही रीत तिथून जगभर गेली. रोज सकाळी एक विषय मिळतो आणि रात्रीपर्यंत त्यावर कविता लिहायची असते. मराठी लिहिणाऱ्यांना यातलं अर्धं आधीच ओळखीचं आहे. संस्कृतात समस्यापूर्ती होती: शेवटचा चरण कुणीतरी द्यायचा आणि कवीनं त्याच्या आधीचे चरण रचायचे. आज कितीतरी व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी ‘आजचा विषय’ येतो, चित्र पाहून लिहायची चित्रचारोळी असते, ओळीला आठ अक्षरांची अष्टाक्षरी असते. फरक आहे तो सलग तीस दिवसांचा. एक दिवस हुशारीवर निघतो, तीस दिवसांना पद्धत लागते.

महिना सुरू होण्याआधी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन गोष्टी करून ठेवा. एक साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर यादी आणि खरडलेला मजकूर, उजव्या पानावर कविता. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण तिथं खोडलेला शब्द नाहीसा होतो आणि बारा दिवसांनी नेमका तोच हवा असतो. दुसरं, वेळ ठरवा. पंचवीस मिनिटं पुरतात, पण ती रोज त्याच वेळची हवीत. ‘दिवसभरात कधीतरी’ म्हणजे रात्री साडेअकराला पेंगत लिहिलेल्या चार ओळी. तिसरं, विषय गोळा करा.

विषय दुसरीकडून येणार असले तरी आपले पाच राखीव विषय चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, कारण काही विषय आपल्याला अजिबात लागत नाहीत. आणि पूर्ण यादीच तुम्ही करणार असाल, म्हणजे घरच्या किंवा गटातल्या लोकांसाठी, तर तिचं गणित साधारण असं ठेवा: बारा विषय हाताला लागणाऱ्या वस्तूंचे किंवा जागांचे (किल्ली, माठ, जिन्याचं वळण, एसटीची खिडकी), सहा रचनेचे (अभंग, अष्टाक्षरी, हायकू असे), पाच बंधनांचे (‘आहे’ न वापरता लिहा, एकाच वाक्यात लिहा), चार पहिली ओळ देण्याचे आणि तीन कुणाच्या तरी तोंडून बोलण्याचे. ‘प्रेम’, ‘आई’, ‘पाऊस’, ‘नातं’ असे विषय देऊ नका. ते वाईट म्हणून नव्हे. ते इतके मोठे आहेत की लिहिणारा काठावरच उभा राहतो. ‘आई’ऐवजी ‘आईची कात्री’ द्या. आई आपोआप येते.

इंग्रजी यादी मराठीत जशीच्या तशी आणली की अडचण होते. तिकडचा एप्रिल म्हणजे बर्फ वितळून पहिली फुलं येण्याचा महिना. आपल्याकडं त्या दिवसांत गच्चीवर कुरडया वाळत असतात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं असतं, परीक्षा संपत आलेल्या असतात, लग्नसराई असते, विदर्भात दुपारी रस्ते ओस पडतात आणि १४ तारखेला निळे झेंडे घेऊन गावंच्या गावं रस्त्यावर येतात. ‘वसंताच्या पहिल्या कळीवर लिहा’ असा विषय आला की ‘माठात पहिल्यांदा भरलेलं पाणी’ असा तो फिरवून घ्या. लिहिणारा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असेल तर अर्थात कळीच खरी. जे खिडकीतून दिसतं ते लिहावं.

पंचवीस मिनिटं कशी घालवायची

समजा आजचा विषय ‘किल्ली’ आहे.

पहिली चार मिनिटं नुसती यादी. किमान बारा गोष्टी, वाक्य न करता: कुलूप, मनाची किल्ली, यशाची गुरुकिल्ली, हरवलेली किल्ली, आजीच्या कमरेचा जुडगा, कुंडीखाली ठेवलेली, शेजारी ठेवलेली, घड्याळाला द्यायची, गंजलेली, बनवून देणारा फुटपाथवरचा माणूस, तिजोरीची, ज्या कुलपाचा पत्ता नाही अशी. आता पहिल्या पाचांवर काट मारा. त्या गोष्टी तुमच्या आधी सगळ्यांना सुचलेल्या असतात. तुमची पहिली सूचना चुकीची असते असं नाही, ती सामायिक असते. सातव्या-आठव्या जागेवर काहीतरी असं येतं जे फक्त तुमच्या घरात घडलं. या महिन्यात एकच सवय लागली, तर ती पहिल्या पाचांवर काट मारण्याची लागो.

पुढची तीन मिनिटं निवडीची. उरलेल्यांपैकी जिच्याशी एखादी जागा, वेळ आणि हालचाल जोडता येते ती घ्या. ‘शेजारी ठेवलेली किल्ली’ घेतली, तर जागा म्हणजे त्यांच्या दारामागचा खिळा, वेळ कामाला निघतानाची, हालचाल हात पुढं करण्याची. एवढं मिळालं की थांबू नका, कारण लिहायला बाराच मिनिटं आहेत. या बारा मिनिटांत खोडायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही, मागची ओळ वाचायची नाही. शेवटची पाच मिनिटं मोठ्यानं वाचण्याची आणि छाटण्याची. उरलेल्या एका मिनिटात तारीख आणि विषय पानाच्या वर लिहा. विषय कवितेचं शीर्षक मात्र करू नका. शीर्षकात ‘किल्ली’ आणि पहिल्या ओळीत पुन्हा ‘किल्ली’ असेल, तर वाचकाला गृहपाठ दिसतो.

यादी न करता थेट लिहिलं तर बहुतेकदा असं काहीतरी येतं:

हरवली आहे किल्ली मनाची
कुलूप लागले आठवणींना
कोण उघडेल दार हे आता
वाट पाहते मी एकटीच

यात चूक शोधायला गेलं तर व्याकरणात सापडणार नाही. पण मन, आठवण, वाट, एकटी हे चारही शब्द कुणाच्याही कवितेतून उचलून कुणाच्याही कवितेत ठेवता येतात. आता यादीतली सातवी गोष्ट घेऊन:

आमची किल्ली शेजारच्यांच्या खिळ्याला असायची,
दुधाच्या पिशव्यांच्या रबरांसोबत.
काल टेम्पो गेला.
जिन्यात थोडा भुसा, एक तुटका हँगर.
सकाळी निघताना सवयीनं वळले,
हात पुढे.
दार उघडं. आत नुसता खिळा.

इथंही एकटेपणाच आहे, पण तो शब्द कुठंच नाही. छाटताना काय गेलं असेल तेही पाहण्यासारखं आहे. अशा कवितेच्या कच्च्या खर्ड्यात शेवटी हमखास एक ओळ येते: ‘आता विश्वासानं किल्ली ठेवायची कुणाकडे?’ ती ओळ कवितेनं आधीच सांगितलेलं पुन्हा सांगते. तीस दिवसांत निदान वीस वेळा तुम्हाला शेवटची ओळ काढावी लागेल. म्हणून छाटणी नेहमी खालून सुरू करा: शेवटची ओळ झाका, कविता वाचा, काही कमी पडतंय का बघा. कमी पडत नसेल तर तिच्यावरची झाकून बघा.

रचनेचे दिवस

रचनेचा विषय आला की बरेच जण तो दिवस टाळतात, आणि वाईट वाटतं, कारण थकलेल्या दिवशी रचनाच हात देते. मुक्तछंदात सगळं स्वतः ठरवावं लागतं. अभंगात निम्मं ठरलेलंच असतं.

अक्षरं मोजणं सोपं आहे. स्वर किंवा स्वरासह व्यंजन म्हणजे एक अक्षर, जोडाक्षरही एकच. ‘गच्चीवर’ म्हणजे चार: ग, च्ची, व, र. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला:

गच्चीवर ऊन / पापडांना राखी / चिमणीही चाखी / कोर थोडी

चौथ्या चरणात जागा चारच अक्षरांची असते, म्हणून तो आधी लिहा. शेवटी लिहायला गेलात तर तिथं ‘जीवनात’, ‘सर्वकाळ’, ‘मनोमनी’ असं काहीतरी भरताड येतं. लहान अभंगाला आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. एका दिवसात चार कडवी पुरे.

अष्टाक्षरीत खरी परीक्षा यमकाची. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि नामांना प्रत्यय लागतात, त्यामुळं यमक फार स्वस्तात मिळतं. ‘चिंच पिकली झाडाला / पोरं जमली पाराला’ यात दोन्ही ओळी आठ अक्षरांच्या आहेत, पण जुळलाय तो नुसता ‘ला’ आणि त्याआधीचा आकार. ‘चिंच वाकली दारात / पोरं चढली जोरात’ इथं प्रत्ययाआधीचं ‘रा’ही जुळतं, आणि कान लगेच ओळखतो. नियम एवढाच: प्रत्यय किंवा क्रियापदाचं शेपूट सोडून त्याच्या आधीचं किमान एक अक्षर जुळवा. आलो-गेलो, पाहिले-राहिले, जाते-येते अशा जोड्यांवर सलग दोन कडवी गेली, तर एका ओळीचं शेवटचं क्रियापद आत ढकला आणि नाम टोकाला आणा.

वृत्त पहिल्यांदाच करत असाल तर भुजंगप्रयात घ्या. मनाच्या श्लोकांमुळं त्याची चाल बहुतेकांच्या कानात लहानपणापासून आहे. बारा अक्षरं, ‘लगागा’ चार वेळा, म्हणजे एक लघु (आखूड) अक्षर आणि मग दोन गुरू (लांब). उदाहरणार्थ, ‘कुणी रोज दारी उभे राहताना’. ही ओळ श्लोकाच्या चालीत म्हणून बघा, कुठंही अडखळायला होत नाही. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू, अनुस्वार स्पष्ट उच्चारला जात असेल तर गुरू, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघात येत असेल तर गुरू. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू होतो, पण ‘तुझ्या’ किंवा ‘पुन्हा’मधला पहिला उकार लघुच राहतो, कारण तिथं आघात पडत नाही. नवख्यांचं गणित बहुतेक वेळा इथंच फसतं. मात्रा मोजून जमत नसेल तर ओळ चालीत म्हणा, जिथं जीभ ओढावी लागते तिथं चूक आहे.

हायकू सगळ्यात सोपा समजला जातो आणि त्यातच सर्वांत जास्त वाया जातं. मराठीत तो रुजवला शिरीष पै यांनी. जपानी हायकूच्या तीन ओळींतले पाच-सात-पाच हे ध्वनिघटक असतात, आपल्या अक्षरांशी ते तंतोतंत जुळत नाहीत. अक्षरं मोजायची तर जरूर मोजा, पण जीव दुसरीकडं आहे: दोन चित्रं आणि त्यांच्यामधली फट. तिसऱ्या ओळीत पहिल्या दोन ओळींचा अर्थ सांगितला की हायकू मेला. एका दिवसात एक नको, पाच लिहा आणि चार खोडा.

गझल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊ नका. मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर दरवेळी तोच येणारा शब्द) सांभाळत निदान पाच शेर म्हणजे पंचवीस मिनिटांचं काम नाही. घ्यायचीच असेल तर शनिवार-रविवार जोडून घ्या. पहिल्या दिवशी वहीत काफियाचे वीस शब्द लिहून काढा, त्यातले बारा तरी वापरण्याजोगे आहेत का बघा, नसतील तर काफिया बदला. चौदा ओळींच्या सुनीताचंही तसंच. केशवसुतांनी ही रचना मराठीत आणली. आठव्या ओळीनंतर वळण लागतं, आणि ते वळण कुठं न्यायचं हे माहीत नसताना पहिल्या आठ ओळी लिहिण्यात अर्थ नाही.

आपल्या भाषेत अडणारे विषय

काही लोकप्रिय विषय मराठीत आले की अडतात. एखाद्या शब्दाच्या अक्षरांनी ओळी सुरू करायच्या असतील, तर शब्द निवडतानाच जपा. ‘आभाळ’ घेतला की तिसऱ्या ओळीला गाडी थांबते, कारण ‘ळ’नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ‘ण’चंही जवळपास तसंच. अशा वेळी ते अक्षर ओळीच्या शेवटी आणा: केळ, ओहोळ, सकाळ.

‘एखाद्या वस्तूच्या तोंडून बोला’ हा विषय इंग्रजीत सरळ आहे. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं. खुर्ची ‘मी थकले’ म्हणेल, दरवाजा ‘मी थकलो’ म्हणेल, पण दार काय म्हणेल? नपुंसकलिंगी ‘मी’ कानाला नेहमी विचित्र लागतो. तीन वाटा आहेत. दाराऐवजी दरवाजा किंवा खिडकी घ्या, किंवा लिंग न दाखवणारी रूपं वापरा (‘मी उघडेन’, ‘मी पाही’, ‘मला दिसतं’), किंवा ‘मी पाहिलं, मी ऐकलं’ अशी वाक्यं करा, जिथं क्रियापद कर्त्याबरोबर बदलत नाही. तिसरी वाट सर्वांत नैसर्गिक आहे, आणि एकदा हात बसला की बोलणारा स्त्री की पुरुष हे लपवायचं असेल तिथंही ती उपयोगी पडते.

‘अमुक अक्षर न वापरता लिहा’ हे बंधन देवनागरीत यांत्रिक होतं. त्याऐवजी ‘आहे, होतं, असतं’ न वापरता लिहा. दहा ओळींतच कळतं की आपली किती वाक्यं ‘आहे’च्या खुंटीला टांगलेली होती. दुसरं चांगलं बंधन म्हणजे पूर्ण कविता घरच्या बोलीत लिहिणं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, जी खरोखर बोलता ती. न येणारी बोली गमतीसाठी वापरू नका.

कुठं बिघडतं

पहिला आठवडा उत्साहात जातो. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान एक कविता राहते, आणि पुढचं सगळं त्यानंतर काय करता यावर ठरतं. ‘उद्या दोन लिहीन’ असं म्हणू नका. उद्याच्या दोनपैकी एक पुन्हा राहते, परवा तीन होतात आणि मग वही उघडायचीच भीती वाटते. राहिलेला विषय वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि आजचा विषय घ्या. महिन्याअखेर त्या पानावरचे दोन-तीन विषय हवे तर करा.

पंधराव्या दिवसानंतर वेगळीच अडचण येते: सगळ्या कविता एकसारख्या वाटू लागतात. ती खरी असते. मागच्या सात कविता काढून तीन गोष्टी तपासा. पहिली ओळ कशानं सुरू होते, एकूण किती ओळी आहेत, आणि ‘मी’ कितव्या शब्दाला येतो. बहुतेकांच्या कविता दहा-बारा ओळींच्या, ‘मी’नं सुरू होणाऱ्या आणि प्रश्नानं संपणाऱ्या निघतात. पुढचे तीन दिवस मुद्दाम उलट करा: तीनच ओळी, किंवा तीस, आणि कवितेत ‘मी’ नाही.

मुक्तछंदात आणखी एक जुना दोष दिसतो. गद्य वाक्य घेऊन ते कुठंही मोडायचं. ओळ मोडण्याची कसोटी सोपी आहे: सगळी कविता सलग परिच्छेदासारखी लिहून काढा आणि मोठ्यानं वाचा. काहीच हरवलं नाही, तर ओळींना काम नव्हतं. मग जिथं श्वास थांबतो, किंवा पुढच्या शब्दाआधी वाचकाला क्षणभर वेगळं काही वाटावं असं वाटतं, तिथंच मोडा. टिंबांच्या रांगा शांततेचं काम करत नाहीत, रिकामी ओळ करते.

गटात लिहीत असाल तर महिनाभर एकमेकांच्या कवितांवर ‘अप्रतिम’ लिहू नका आणि दुरुस्त्याही सुचवू नका. त्यातली लक्षात राहिलेली एक ओळ तेवढी लिहून पाठवा. लिहिणाऱ्याला स्वतःबद्दल यातून जेवढं कळतं तेवढं अंगठ्याच्या खुणांनी कळत नाही.

मे महिन्यात

३० एप्रिलनंतर पंधरा दिवस वही उघडू नका. मग सगळ्या कविता एका बैठकीत मोठ्यानं वाचा आणि तीन गठ्ठे करा: जिच्यात जीव आहे, जिच्यात एखादीच ओळ चांगली आहे, आणि बाकीच्या. पहिल्या गठ्ठ्यात पाच-सहा आल्या तरी महिना चांगला गेला. त्यांच्यावर आता सावकाश काम करा, एका कवितेला एक आठवडा. इथं शब्दकोश उघडायचा, शुद्धलेखन बघायचं, दोन खर्डे शेजारी ठेवून वाचायचे.

दिवाळी अंकांसाठी साहित्य पाठवण्याची वेळ साधारण पावसाळ्यात येते, म्हणजे मे-जूनमध्ये झालेली दुरुस्ती वेळेवर असते. अनेक संपादक अप्रकाशित कविताच मागतात, आणि फेसबुकवर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. म्हणून ज्या दिवशी कविता खरंच साधली असं वाटेल त्या दिवशी ती सार्वजनिक करू नका, एखादी ओळ टाका आणि बाकीची वहीत ठेवा. एका वेळी तीन ते पाच कविता पाठवा, प्रत्येक वेगळ्या पानावर. कुठल्या अंकाला कुठली पाठवली याची नोंद तारखेसह ठेवा, म्हणजे एकच कविता दोन ठिकाणी जाणार नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या सुट्या ओळी कापून वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि डब्यात ठेवा. पुढच्या मार्चमध्ये पहिल्या ओळीचे चार विषय लागतील, ते या डब्यातून काढा.